दफ्तरखान्यातले जंगल

रविवारी दुपारी दोन ते तीन एवढाच वेळ आमचे फोन आमच्या हाती येत. उरलेले सहा दिवस ते कॉर्पोरलच्या लोखंडी कपाटात, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी पाठीवर घेऊन, मुके पडून असत. त्या एका तासात दर आठवड्याला मला आईला एकच गोष्ट पटवून द्यायची असे, की मी लढाईवर नाही, मी कचेरीत बसतो. आणि दर आठवड्याला ती मला एकच प्रश्न विचारी.

"कचेरीत बसतोस ना? मग अंगावर जंगलाचे कपडे कशाला?"

याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. आमची छावणी डोंगरावरच्या थंड शहरात, तुन्ह्याला होती, आणि तुन्ह्याला जंगल नाही. वारा आहे, बटाट्याची पोती वाहणारे ट्रक आहेत, आणि सकाळी दहापर्यंत न विरणारे धुके आहे. आमच्या बटालियनच्या दफ्तरखान्यात तर एक झाडही खिडकीतून दिसत नसे. तिथे मी जुन्या सैनिकांच्या फायलींना दोरा घाली, खोक्यांवर लेबले चिकटवी, आणि गजांच्या खिडकीशी येणाऱ्या लोकांना त्यांचे दाखले शोधून देई. हे सारे मी हिरव्या-तपकिरी चौकोनी ठिपक्यांच्या गणवेशात, पोटरीपर्यंत बांधलेल्या बुटांत करीत असे. माणूस दाट झाडीत विरघळून जावा म्हणून ते कापड विणलेले असते. करड्या भिंती आणि पिवळट खोकी यांच्यामध्ये मी मात्र दारातूनच कुणाच्याही नजरेत भरत असे. लपण्यासाठी केलेल्या त्या कापडात मी जितका उघडा पडलो, तितका आयुष्यात कधीच पडलो नव्हतो.

आमच्या देशात बारावी झालेल्या मुलांना एक वर्ष सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागते, आणि त्यांना लढाईवर धाडत नाहीत. कायदाच तसा आहे. आईला तो कायदा माहीत होता. ती त्याला नाकारतही नव्हती. फक्त म्हणायची, कायदा कागदावर असतो आणि कपडे अंगावर.

तिच्या भीतीला कारण झाला तो आमच्या शपथविधीचा फोटो. त्या दिवशी दरड कोसळून आमच्या गावाकडचा, तेन्साच्या खोऱ्याचा रस्ता बंद होता, त्यामुळे आई येऊ शकली नाही. सगळ्यांना देतात तसा मलाही एक फोटो मिळाला. त्यात डोक्यावर शिरस्त्राण होते, हातात रायफल होती, आणि मागे रंगवलेल्या पडद्यावर झाडी. ती रायफल माझ्या हातात जेमतेम दोन मिनिटे होती. पुढच्या मुलाची वेळ येताच ती काढून घेतली गेली. फोटोत मात्र ती कायमची राहिली. मी तो माझ्या बहिणीला, नीदियाला पाठवला, आणि रविवारी घरी गेल्यावर तिने तो आईला दाखवला.

मामाची गोष्ट इथे सांगायला हवी. एव्हेलिओमामा आईचा धाकटा भाऊ. तो सैन्यात होता आणि मी सहा वर्षांचा असताना गेला. तोही रविवारी फोन करी. ताई, मी तळावरच्या स्वयंपाकघरात असतो, असे तो सांगे. दिवसभर बटाटे सोलतो, बोट कापले तर तेवढीच काय ती जखम. आईने दोन वर्षे त्या बटाट्यांवर विश्वास ठेवला. मग एका दुपारी चार वाजता आमच्या दारापुढे एक गाडी थांबली आणि तिच्यातून दोन माणसे उतरली. तीन दिवसांनी पेटी आली. ती उघडू दिली नाही. पेटीबरोबर लष्करी शिक्क्याच्या तपकिरी पाकिटात चौकटीतला एक फोटो आला. निळा समारंभाचा कोट, सोनेरी बटणे, पांढरी टोपी, आणि टोपीखाली मामाचा चेहरा. त्या पोशाखात आम्ही त्याला कधी पाहिलेच नव्हते. नंतर कळले की ती दोन वर्षे तो दक्षिणेच्या जंगलात, लढाईवरच होता. त्याने एकही बटाटा सोलला नव्हता.

तेव्हा माझे खरे आणि मामाचे खोटे शब्दाशब्दाने सारखे होते. मी म्हणे, आई, मी फायली बांधतो. ती म्हणे, हो, आणि एव्हेलिओ बटाटे सोलायचा. आवाजात राग नसे. ती मला सांभाळून घेते आहे, माझे खोटे माझ्यासाठी जपते आहे, असे वाटे, आणि तेच मला सहन होत नसे.

नीदियाने मला सांगितले की फोटो पाहिल्यापासून आई रोज तीन वाजता उंबऱ्याशी स्टूल टाकून बसते आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही. शेजारीण सांगते, वळणावर गाडीचा आवाज आला की ती उभी राहते. मक्यात गवत गुडघ्याइतके वाढले आहे. कोंबड्या शेजाऱ्यांच्या कुंपणात अंडी घालतात. "काहीतरी कर," नीदिया म्हणाली. "ती चार वाजण्याची वाट बघते रे."

म्हणून मी विचारू लागलो. कुणाला काही विचारणे हे माझ्यासारख्याला डोंगर चढण्याइतके अवघड असते. शब्द जुळवण्यातच माझी अर्धी सकाळ जाई. पण मी आमच्या बटालियनच्या अधिकारी, कॅप्टन लिसाराझोबाईंना विचारले. त्यांनी माझा प्रश्न एखाद्या अर्जासारखा गंभीरपणे घेतला. बोलावणे कोणत्याही घडीला येऊ शकते, तेव्हा कपडे बदलण्यात वेळ जाऊ नये. शिपाई आणि अधिकारी एकसारखे दिसावेत. शिवाय कापड टिकाऊ, इस्त्रीची गरज नाही. खराब झालेल्या एका लेबलाच्या पाठीवर मी हे सारे लिहून घेतले. बाईंचे म्हणणे बरोबर होते. पण रविवारी फोन कानाला लावल्यावर माझ्या ध्यानात आले की बोलावणे कोणत्याही घडीला येऊ शकते, हे वाक्य माझ्या आईला सांगण्यासारखे नाही. सगळ्यांत खरे कारण नेमके तेच होते, आणि तेच मी गिळले.

धुलाईघरातल्या बाईने सांगितले, डाग दिसत नाहीत म्हणून. मी परत येऊन बाही पाहिली. तिथे सकाळीच शाई सांडली होती, आणि खरोखरच ती आता सापडत नव्हती. कोणते डाग, हे मी तिला विचारले नाही.

दफ्तरखान्याचे प्रमुख सार्जंट तोर्रेग्रोसा हे समुद्रकाठच्या गरम मुलखातले. गणवेशाच्या आत दोन स्वेटर घालत आणि तरी कुडकुडत. अकरा वर्षे जंगलात काढून चार वर्षांपूर्वी ते या खोक्यांमध्ये येऊन बसले होते. मला ते पंडित म्हणत. मी विचारल्यावर त्यांनी हातांवर फुंकर घातली.

"तुन्ह्याच्या डासांनी ओळखू नये म्हणून," ते म्हणाले. तुन्ह्यात डास नसतात. मग म्हणाले, "पंडित, खोगीर कशाला घालतोय हे गाढवानं कधी विचारलंय का? चढवलं की चालायचं."

मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्याकडे फायलींच्या दोन भिंती आहेत. एका भिंतीवर निवृत्त झालेले, दुसऱ्या भिंतीवर मेलेले. मी एका जिवंत माणसाची फाइल मेलेल्यांच्या भिंतीवर ठेवली. तो माणूस खिडकीशी उभा राहून आपला दाखला मागत होता आणि मी तासभर त्याला निवृत्तांत शोधत होतो. सार्जंटांना फाइल सापडली तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी मला खोक्यावर बसवले आणि काय झाले ते विचारले. मी सांगितले. आईचे, उंबऱ्याचे, बटाट्यांचे. बटाट्यांपाशी त्यांचा चेहरा उतरला, आणि बराच वेळ त्यांनी एकही विनोद केला नाही.

मग ते म्हणाले, आईला लढाईच्या कपड्यांची भीती वाटते ना, तर तिला दुसऱ्या कपड्यांतला फोटो पाठव. पण दुसरे कपडे आम्हांला नव्हतेच. ठिपक्यांचे दोन जोड आणि कवायतीचा एक, एवढीच आमची मालमत्ता. आवाराच्या आत फोटो काढायला बंदी. त्यावर सार्जंटांनी फाटकाकडे बोट दाखवले. समोर रस्त्यापलीकडे आर्नुल्फोकाकांचा फोटो स्टुडिओ होता.

छावण्यांसमोरचे असे स्टुडिओ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतात. ज्याच्याकडे कोट नाही त्याला ते कोट देतात, टाय नाही त्याला टाय, म्हणजे चेहरा तुमचा आणि बाकीचे त्यांच्या संगणकातले. आर्नुल्फोकाका साठीचे, जाडजूड आणि मृदू बोलणारे. त्यांनी मला पांढऱ्या कागदापुढे उभे केले, हनुवटी जराशी वर करायला सांगितली, आणि अर्ध्या तासात मी निळ्या समारंभाच्या कोटात, सोनेरी बटणांत, पांढऱ्या टोपीखाली पडद्यावर उभा होतो. घरच्या भिंतीवर लावायला आईबाप हाच घेतात, असे ते म्हणाले. एवढा रुबाब मला कधीच नव्हता. तो डावा खांदा, किंचित उतरता, मला फार ओळखीचा वाटला. असे फोटो घरोघरी असतात म्हणून ओळखीचा वाटत असेल, असे मी समजलो. काकांनी वर एक चौकटही बसवून दिली.

मी पत्र लिहिले. चार पाने झाली. दफ्तरखाना, खिडकी, दोन भिंती, सार्जंटांचे दोन स्वेटर, असे सगळे त्यात होते. जे फोनवर कधी बोलता आले नाही ते कागदावर सहज उतरले. पत्र चुरगळू नये म्हणून मी ते चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्याखाली, फोटोच्या पाठीशी सारले. पाकीट मात्र माझ्याकडे नव्हते. दफ्तरखान्यातली पाकिटे होती. तपकिरी, जाड, वरच्या कोपऱ्यात बटालियनचा शिक्का. रोज तशी पन्नास पाकिटे माझ्या हातांखालून जात. त्यांच्यावरचा शिक्का मला केव्हाच दिसेनासा झाला होता. गुरुवारी सार्जंटांनी ते बसच्या चालकाकडे दिले. शुक्रवारी तो आमच्या वळणावरून जाई, आणि दुपारी गाडी थांबवून दारापर्यंत पोचवीन असे त्याने आपणहून सांगितले. चांगला माणूस, मला वाटले.

शनिवारी सकाळी मी खिडकीशी बसून एका फायलीला दोरा घालत होतो. गजांवर सावली पडली.

"साहेब," कुणीतरी म्हणाले.

त्या खिडकीशी येणारी माणसे आमच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. ती छातीवरच्या पट्टीकडे बघतात. ही बाई तिथेही बघत नव्हती. काळी शाल कपाळापर्यंत ओढून ती खिडकीच्या कट्ट्याकडे बघत होती, आणि कट्ट्यावर तिने तपकिरी पाकीट ठेवले होते. मला आधी तिचे हात दिसले. अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा जुना चटका.

"मी मुलाला न्यायला आलेय," ती म्हणाली. "दुवान सुएस्का फोनसेका. आजच द्या म्हणत नाही. कागद लागत असतील तर सांगा, मी आणते. फक्त पेटी बंद करू नका. कपडे मी आणलेत."

आयुष्यभर शब्द मला उशिरा सुचत आले आहेत, पण त्या घडीला ते जणू कुणी कुलुपातच ठेवले होते. तिला माझे गप्प राहणे नकारासारखे वाटले असावे, कारण ती समजावणीच्या सुरात पुढे बोलली.

"मागच्या वेळी बंद केली होती, साहेब. माझ्या भावाची. म्हणून म्हटलं."

मागून सार्जंटांनी विचारले, कोण आहे रे. मी एवढेच म्हणू शकलो, "आई."

तिने मान वर केली. तरीही तिने मला लगेच ओळखले नाही. माझे केस कापलेले होते, गाल बसले होते, आणि मानेपासून खाली मी इतर सगळ्यांसारखाच होतो. तिने पट्टीवरचे आडनाव वाचले, मग चेहरा पाहिला, मग पुन्हा पट्टी, कागदावरची नोंद ताडून पाहावी तशी. मग गजांतून हात आत घालून तिने माझा हात नाही, माझी बाही धरली, आणि बाजारात कापड पारखतात तशी दोन बोटांत चोळली.

"तू आहेस का?"

"आहे, आई."

"मग हा कोण?" तिने पाकिटाकडे बोट केले.

सार्जंटांनी तिला आत घेतले. नियमात ते बसत नव्हते. त्यांनी स्वतःच्या स्वेटरपैकी एक काढून खोक्यावर घातला आणि तिला त्यावर बसवले, गुळाचे गरम पाणी आणून दिले. तिने पेला दोन्ही हातांत धरला, पण प्याली नाही. तिने जे सांगितले ते तुकड्यातुकड्यांनी. शुक्रवारी चार वाजता गाडी थांबली. माणूस उतरला, पाकीट देऊन गेला. वर शिक्का. आत चौकट. ती रडली नाही. तिने माझा बारावीच्या निकालाच्या दिवशीचा निळा सदरा आणि तपकिरी विजार काढून इस्त्री केली, आणि कुणालाही न सांगता पहाटेची पहिली बस धरली. फाटकावर तिने मृतदेह कुठे देतात असे विचारले. पहारेकरी गोंधळला, आणि पाकिटावर दफ्तरखाना लिहिलेले पाहून त्याने तिला माझ्याच खिडकीशी पाठवले.

मी चौकट उलटी केली, पुठ्ठा उचकटला आणि पत्र तिच्या हातात दिले. ती ओठ हलवत सावकाश वाचू लागली. पहिले पान संपल्यावर तिने विचारले, हे मागे का ठेवले होते.

"चुरगळू नये म्हणून."

"चुरगळलेलं चाललं असतं," ती म्हणाली.

बाकीची पाने तिने घडी करून शालीत ठेवली. मग फोटो मांडीवर घेतला आणि बोट टेकवले. माझ्या चेहऱ्यावर नाही, तिसऱ्या बटणावर.

"हा एव्हेलिओ आहे."

मला वाटले, धक्क्याने तिचे भान सुटले. सार्जंटांनीही माझ्याकडे पाहिले. पण तिचा आवाज शांत होता, धान्य निवडताना असतो तसा.

"बारा वर्षं रोज पुसते मी तो फोटो. हे बटण अर्धं काळं आहे. हा खांदा उतरता आहे, एव्हेलिओचा कधी नव्हता, पण फोटोत आहे. गळ्याच्या वर तू आहेस. गळ्याखाली तो आहे. काल मी पाहिलं तेव्हा वाटलं, त्यांनी दोघांना एकत्र केलं."

मी त्या फोटोखाली वाढलो होतो. त्या खांद्याची ओळख मला तिथूनच होती.

सार्जंटांनी खिडकी बंद करून बाहेर पाटी लावली आणि आम्ही तिघे रस्ता ओलांडून स्टुडिओत गेलो. आर्नुल्फोकाका कुणाचे तरी पासपोर्टचे फोटो कापत होते. आईने चौकट त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारले, हे अंग कुणाचे.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

ते म्हणाले, माझेच. वीस वर्षांपूर्वीचे. कोट लष्करी बँडवाल्यांकडून एका दिवसासाठी आणला होता, बटणावर तेव्हाच डाग होता. तळपाय सपाट म्हणून मला सैन्याने घेतले नाही, पण फोटोला तळपाय लागत नाहीत. तेव्हापासून सगळ्यांना हेच अंग. आधी मी डोकी कात्रीने कापून चिकटवत असे, आता संगणक चिकटवतो. आईबाप घरी लावायला हे मागतात. आणि कधी कधी सकाळी बटालियनकडून ओळखपत्रावरचा फोटो यायचा, आणि दुपारपर्यंत चौकट लागायची.

"एव्हेलिओ फोनसेका," आई म्हणाली.

"नावं नसायची, ताई. नुसते चेहरे यायचे."

मी त्यांच्याकडे पाहिले. जाड स्वेटरखाली त्यांचा डावा खांदा अजूनही किंचित उतरता होता. कधी सैन्यात न गेलेल्या या माणसाच्या छातीवरची धूळ माझी आई बारा वर्षे, आपला भाऊ समजून, सकाळच्या स्वच्छ फडक्याने पुसत आली होती. मला वाटले ती आता रडेल, किंवा चौकट फेकून देईल. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळले.

"जाड झालात तुम्ही," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्यांना काय वाटले ते मला कळले नाही. मला काय वाटले तेही कळले नाही.

बसला अजून वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर आई मधे बसली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सार्जंट. आम्ही दोघे एकाच कापडात. तिने जो प्रश्न मला दर रविवारी विचारला होता, तो आता त्यांना विचारला. तुम्ही यांना हे का घालायला लावता? फायली बांधायला?

मला त्यांची डासांची थट्टा आठवली, आणि ती ते आता करतील या भीतीने मी बुटांकडे पाहू लागलो. त्यांनी केली नाही.

"खरं सांगू ताई? मला माहीत नाही. वरच्यांना कारणं माहीत आहेत, ती बरोबरही असतील. मी आपलं घालतो. अकरा वर्षं मी जंगलात होतो, आणि आईला सांगायचो, स्वयंपाकघरात आहे. मासे तळतो. मग चार वर्षांपूर्वी इथं आलो, खरोखर इथं, खोक्यांत. तिला सांगितलं, आई, आता मी कचेरीत आहे. ती म्हणाली, हो रे राजा, मासे करपवू नकोस. गेल्या वर्षी गेली ती. शेवटपर्यंत तिच्या लेखी मी जंगलातच होतो."

आईने त्यांच्याकडे पाहिले. मग हात लांबवून, मघाशी माझी धरली होती तशी, तिने त्यांची बाही दोन बोटांत धरली. कापडाकडे बघत राहिली.

"एकच आहे," ती म्हणाली. "त्याचं आणि तुमचं."

"एकच आहे, ताई."

बस आली तेव्हा तिने पिशवीतून निळा सदरा अर्धवट बाहेर काढला. मला वाटले ती तो मला देणार. ती फक्त त्याची कॉलर सरळ करीत होती. तो पुन्हा आत सारून ती म्हणाली, हा घरी राहू दे, आल्यावर घाल. माझे सात महिने उरले होते. चालक पाकीट पोचवणाराच निघाला. त्याने आईला ओळखले आणि विचारले, फोटो आवडला का. आईने काय उत्तर दिले ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फोन हातात आल्यावर मी कितीतरी वेळ तो लावला नाही. काय ऐकावे लागेल ते मला ठाऊक नव्हते. तिने मला पाहिले होते, पण एका शनिवारी पाहिलेला मुलगा सोमवारी कुठे असेल हे कुणी सांगावे. शेवटी मी लावला. नीदियाने उचलला.

स्टूल स्वयंपाकघरात आहे, तिने सांगितले. आई बारापासून मक्यात आहे, गवत काढते आहे. भिंतीवर माझी चौकट मामाच्या शेजारी लावली आहे, पण उलटी. म्हणजे काचेला माझे पत्र लागले आहे, पहिले पान, आणि तो निळा कोटवाला आत भिंतीकडे तोंड करून बसला आहे. आल्यागेल्याला ती पहिले पान वाचायला लावते. आणि मामाचा फोटो, मी विचारले. तो आहे तिथेच आहे. आज सकाळीही पुसला. नीदियाने आवाज खाली आणला. फक्त मानेच्या वरचाच भाग पुसला.

मग हाका मारल्याचा आवाज आला, आणि धापा टाकत आई फोनवर आली. हातांना माती असणार, कारण फोन तिच्या कानापाशी कुणीतरी धरला होता आणि तिचा आवाज जरा दुरून येत होता.

"आज काय घातलंयस?"

मी स्वतःकडे पाहिले. हिरवे, तपकिरी, बाहीवर कुठेतरी न दिसणारी शाई.

"तेच."

तीन वाजायला अजून दहा मिनिटे होती.

"बरं," ती म्हणाली, आणि मक्यातल्या गवताचे सांगू लागली.